मोठ्या बुद्धमूर्ती आणि बौद्ध मंदिरं पहिल्यांदाच बघायला जाताय? मग हे वाचून जा

थायलंड, श्रीलंका, जपान, भूतान, कुठंही फिरायला गेलं की दोन-चार बौद्ध मंदिरं आणि एखादी अवाढव्य बुद्धमूर्ती लिस्टमध्ये असतेच, आणि बहुतेक वेळा होतं काय, की बस थांबते, सगळे उतरतात, मूर्तीसमोर उभं राहून फोटो काढतात आणि वीस मिनिटांत परत बसमध्ये. मला याचं मनापासून वाईट वाटतं. चीनमधल्या लेशानच्या बुद्धाचं काम ७१३ साली सुरू झालं आणि ८०३ ला संपलं, म्हणजे नव्वद वर्षं, आणि आपण तिथं जाऊन फक्त सेल्फी काढून यायचं? म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहितेय, घरातून निघायच्या आधीपासून ते बाहेर पडून खरेदी करेपर्यंत. नियम प्रत्येक देशात थोडे थोडे बदलतात, पण एक गोष्ट सगळीकडे चालते: आत गेल्यावर दोन मिनिटं बाजूला उभं राहायचं, तिथली रोजची माणसं काय करतायत ते बघायचं आणि मग आपण हलायचं. बाकी सगळं यातूनच सुचत जातं.

पायरी १: कोणत्या प्रकारच्या जागी जाताय ते आधी बघा

सगळ्या जागा एकसारख्या नसतात आणि तयारी त्यावर ठरते. काही ठिकाणं रोजच्या पूजेची, जिवंत मंदिरं आहेत, उदाहरणार्थ म्यानमारमधल्या यांगूनचा श्वेडागॉन स्तूप, श्रीलंकेतल्या कँडीचं दंतमंदिर (इथं बुद्धाचा दात जपून ठेवलाय), बोधगयेचं महाबोधी. इथं तुम्ही पाहुणे आणि पूजेला आलेले लोक घरचे. काही ठिकाणं आज मुख्यतः पुरातत्त्वाची आहेत, जसं अजिंठा, इंडोनेशियातलं बोरोबुदूर, थायलंडमधलं सुखोथाय, तिथं तिकीट, वेळ, ठरलेला रस्ता असं सगळं असतं, पण तरी ती पवित्रच मानली जातात आणि अवशेष आहेत म्हणून मूर्तीच्या मांडीवर चढून बसायचं नसतं. आणि तिसरा प्रकार म्हणजे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत उभ्या राहिलेल्या प्रचंड मूर्ती. हाँगकाँगच्या लांताऊ बेटावरचा ३४ मीटरचा तिआन तान बुद्ध १९९३ चा, जपानमधला उशिकूचा १२० मीटरचा दाईबुत्सू (म्हणजे मोठा बुद्ध) पण त्याच दशकातला, चीनच्या हनान प्रांतातला १२८ मीटरचा स्प्रिंग टेम्पल बुद्ध २००८ मध्ये पूर्ण झाला, भूतानमध्ये थिम्फूच्या डोंगरावरचा बुद्ध दोरदेन्मा २०१५ चा. नवीन आहेत म्हणून "हे काय खरं नाही" असं म्हणणारे भेटतात, मला ते अजिबात पटत नाही, दोरदेन्माच्या आत सव्वा लाख छोट्या बुद्धमूर्ती ठेवल्यात आणि तिथं येणारा माणूस पूर्ण श्रद्धेनेच येतो.

पायरी २: वेळ, वार आणि हवामान

यात चूक झाली तर सगळा दिवस जातो म्हणून नीट वाचा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, हे माहीत नसल्यामुळे दरवाजातून परत फिरलेले लोक दर आठवड्याला असतात. जपानमध्ये बरीच मंदिरं दुपारी साडेचार-पाचलाच बंद होतात, हिवाळ्यात तर अजून लवकर, त्यामुळे "संध्याकाळी निवांत जाऊ" हा प्लॅन तिथं चालत नाही. याच्या उलट श्वेडागॉन पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडा असतो आणि तिथं भर दुपारी जाणं म्हणजे शिक्षा, कारण पूर्ण चौथरा अनवाणी फिरायचा आणि संगमरवर इतका तापतो की पाय टेकवत नाही. पहाटे जा, नाहीतर सूर्य कलल्यावर जा, लोकही तेव्हाच येतात.

पूजेच्या वेळा विचारून ठेवा. कँडीच्या दंतमंदिरात दिवसातून तीनदा पूजा होते आणि ढोल वाजायला लागले की वरच्या मजल्यावर लोकांची रांग सरकायला लागते, दंतधातूचा करंडक ज्या खोलीत आहे तिचं दार तेवढ्याच वेळात उघडतं आणि समोरून पुढे सरकत जायचं असतं, थांबता येत नाही. पूजेची वेळ सोडून गेलात तर शांतता मिळेल पण ते दार बंदच दिसेल. दोन्हीपैकी काय हवंय ते आधी ठरवून जा.

पौर्णिमा लक्षात ठेवा. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते, पांढरे कपडे घालून अख्खी कुटुंबं देवळात येतात, दिवसभर आठ शीलं, म्हणजे आठ व्रतं, पाळून बसतात. वैशाख पौर्णिमेला तर बऱ्याच बौद्ध देशांत प्रचंड गर्दी. मी तर म्हणेन गर्दी असली तरी एखादी पौर्णिमा साधाच, फक्त त्या दिवशी ट्रॅफिक आणि मुक्कामाचं बुकिंग याचा विचार आधी करा.

आणि हवामान. डोंगरावरच्या मूर्ती धुक्यात पूर्ण गायब होतात. लांताऊला २६८ पायऱ्या चढून वर गेलात आणि समोर नुसता पांढरा पडदा, असं होऊ शकतं, म्हणून अशा ठिकाणी जायचा दिवस पक्का न ठेवता मागेपुढे करता येईल असा ठेवा आणि सकाळी उठून आकाश बघून मगच निघा. तिथली केबल कारही जोराचा वारा असला की बंद ठेवतात, बस असते पण वेळ जास्त लागतो.

पायरी ३: कपडे, चपला, बॅग

सोप्पा नियम, खांदे आणि गुडघे झाकलेले, पुरुषांनी पण. बँकॉकच्या ग्रँड पॅलेसमध्ये, म्हणजे जिथं वात फ्रा केव आहे तिथं (थाई भाषेत वात म्हणजे मंदिर), हे सगळ्यात कडक बघतात, शॉर्ट्स, स्लीव्हलेस, फाटकी जीन्स, अंगाला चिकटलेल्या लेगिंग्ज, सगळ्यांना दारातून परत. खांद्यावर नुसती ओढणी टाकलेली काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नाही, त्यामुळे बाह्या असलेला ढगळ सुती शर्ट आणि सैल पँट किंवा लांब स्कर्ट हेच बरं. श्रीलंकेत जमलं तर पांढरं किंवा फिकट रंगाचं घाला, सक्ती नाही पण तिथल्या लोकांत मिसळून जाता. टोपी, गॉगल आत काढायचा, श्रीलंकेत टोपीवरून पटकन टोकतात.

चपला अशा घाला की वाकून लेस न सोडता निघतील, एका दिवसात दहा-बारा वेळा काढघाल होते हो. सॉक्सचं मात्र देशानुसार आहे. म्यानमारमध्ये सॉक्सही चालत नाहीत, पूर्ण अनवाणी. श्रीलंकेत सॉक्स घातले तर कोणी काही म्हणत नाही आणि अनुराधपुराच्या तापलेल्या वाळूत त्यांचा फार आधार होतो. जपानमध्ये लाकडी जमिनीवर सॉक्स घालूनच फिरतात, तिथं अनवाणी पाय उलट बरे दिसत नाहीत, म्हणून चांगला न फाटलेला जोड ठेवा. बँकॉकच्या वात फो मध्ये चपला पिशवीत घालून हातात घेऊन फिरतात कारण एका दारातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर, एक कापडी पिशवी स्वतःची असू द्या.

बॅग छोटी. बोधगयेला महाबोधी मंदिरात मोबाईल नेऊ देत नाहीत, बाहेर काउंटरवर जमा करावा लागतो, भूतानच्या कड्यावरच्या ताक्त्सांग मठात तर फोन, कॅमेरा, बॅग सगळंच खाली लॉकरमध्ये. म्हणजे ग्रुपमध्ये असाल तर आत शिरायच्या आधीच ठरवा की बाहेर कुठं भेटायचं, किती वाजता, आत फोन लावता येणार नाहीये.

शरीरावर बुद्धाचा टॅटू असेल तर श्रीलंकेत झाकूनच ठेवा. २०१४ मध्ये दंडावर बुद्धाचा टॅटू असलेल्या एका ब्रिटिश बाईला विमानतळावरून पकडून नंतर देशाबाहेर पाठवलं होतं, पुढं २०१७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तिला भरपाई मिळवून दिली ही गोष्ट वेगळी, पण तोपर्यंत जे भोगायचं ते तिनं भोगलंच की. तसंच बुद्धाचं चित्र असलेली पँट, बॅग, पायपुसणी असलं काही नेऊ नका, कमरेच्या खाली बुद्धाचं चित्र हा तिथं अपमान आहे.

पायरी ४: दारातून आत शिरताना

उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं. हे थायलंडपासून चीनपर्यंत बऱ्याच ठिकाणी पाळतात. जपानमध्ये आवारात पाण्याचं कुंड आणि लांब दांड्याची ओगराळी असतात, उजव्या हातात ओगराळं धरून डावा हात धुवायचा, मग हात बदलून उजवा, मग तळहातावर पाणी घेऊन तोंड खळखळून बाजूला थुंकायचं, ओगराळ्याला तोंड लावायचं नाही. पुढं मोठं धूपपात्र असतं त्यातला धूर लोक हाताने अंगावर ओढून घेतात, तुम्हीही घ्या, कोणी परकं म्हणून बघत नाही.

आणखी एक, बँकॉकमध्ये ग्रँड पॅलेसच्या आसपास रस्त्यावर कोणीतरी छान बोलणारा माणूस भेटेल आणि सांगेल की आज मंदिर बंद आहे, मी तुम्हाला दुसरं दाखवतो, रिक्षा पण स्वस्तात करून देतो. ऐकू नका, मुख्य दारापर्यंत स्वतः चालत जा आणि तिथं विचारा. हा प्रकार तिथं वर्षानुवर्षं चाललाय आणि शेवट कुठल्यातरी दागिन्यांच्या नाहीतर कपड्यांच्या दुकानात होतो.

पायरी ५: नमस्कार, प्रदक्षिणा, बसणं

प्रदक्षिणा आपल्यासारखीच, मूर्ती किंवा स्तूप उजव्या हाताला ठेवून. लडाख, नेपाळ, भूतान या भागात प्रार्थनाचक्रंही त्याच दिशेने फिरवायची, आणि रस्त्यात मंत्र कोरलेल्या दगडांची, म्हणजे मणी-दगडांची, लांब भिंत लागली तर तिच्या डाव्या बाजूने जायचं म्हणजे ती आपल्या उजव्या हाताला राहते, गाडीवाले सुद्धा पाळतात. बोरोबुदूरला तर ही दिशा पाळली नाही तर गोष्टच कळणार नाही, पूर्वेच्या जिन्याने सुरुवात करून स्मारकाचा मधला भाग उजवीकडे ठेवून चालत गेलं की भिंतीवरची शिल्पं कथेच्या क्रमाने येतात. आता तिथं वरच्या थरांवर जायला वेगळं वेळ ठरवलेलं तिकीट आणि गाईड लागतो, आणि दगड झिजू नये म्हणून विणलेल्या खास चपला देतात. स्लॉट लवकर संपतात, आधी बुक करा.

नमस्कार नाही केला तरी चालतो, कोणी जबरदस्ती करत नाही. फक्त जपानमध्ये टाळ्या वाजवू नका, त्या शिंतो धर्माच्या देवळात वाजवतात, बौद्ध मंदिरात नुसते हात जोडायचे. थायलंडमध्ये खाली बसताना पाय मागे दुमडून बसा, पायाचे तळवे मूर्तीकडे करून बसणं हा तिथला सगळ्यात मोठा अनादर, आणि मांडी घातली तरी तळवा पुढे येतो म्हणून वज्रासनासारखं किंवा दोन्ही पाय एका बाजूला मागे घेऊन बसा. गुडघ्यांचा त्रास असेल तर मागच्या भिंतीपाशी उभे राहा, काही हरकत नाही.

पूजा करणारा आणि मूर्ती यांच्या मधून जायचं नाही, एवढं मात्र मनावर घ्या. माणूस डोळे मिटून बसलेला असतो आणि आपण त्याच्या नाकासमोरून मोबाईल धरून जातो, हे बघून मला फार त्रास होतो. मागून वळसा घालून जा, दहा पावलं जास्त पडतील.

पायरी ६: आता मूर्ती बघा, आणि नीट बघा

पहिलं म्हणजे मूर्ती कोणाची आहे ते माहीत करून घ्या. आपल्याला वाटतं की सगळ्या मूर्ती गौतम बुद्धांच्याच, पण तसं नाही. जपानमधल्या कामाकुराचा ब्रॉन्झचा बुद्ध हा अमिताभ नावाचा वेगळा बुद्ध, जपानी लोक अमिदा म्हणतात. जपानमध्येच नाराच्या तोदाई-जी मंदिरातला वैरोचन बुद्ध. लेशानचा मैत्रेय, म्हणजे पुढे येणारा बुद्ध, लडाखमधल्या नुब्राच्या दिस्कितमधली ३२ मीटरची रंगीत मूर्तीही मैत्रेयाचीच. आणि हसणारा, पोट सुटलेला जो सगळ्यांना "लाफिंग बुद्धा" म्हणून माहितीय तो तर चीनमधला बुदाई नावाचा भिक्षू, लोक त्याला मैत्रेयाचा अवतार मानतात, गौतम बुद्ध नाही तो. चीनमध्ये सान्याच्या समुद्रात उभी असलेली १०८ मीटरची मूर्ती बुद्धाची नाहीच, ती ग्वान्यिन, अवलोकितेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाचं स्त्रीरूप.

मग हात बघा. उजवा हात गुडघ्यावरून खाली, बोटं जमिनीला टेकलेली म्हणजे भूमिस्पर्श, बोधी मिळाली तो क्षण. दोन्ही हात मांडीत एकावर एक म्हणजे ध्यान. तळहात पुढे उचललेला म्हणजे अभय. छातीपाशी दोन्ही हातांची बोटं जुळवलेली म्हणजे धर्मचक्र, पहिलं प्रवचन. एवढी चार लक्षात ठेवली तरी पुष्कळ झालं, नवीन मंदिरात शिरल्या शिरल्या काहीतरी ओळखीचं दिसतं आणि मग पुढचं आपोआप बघावंसं वाटतं.

तिसरं, अंतर. मोठी मूर्ती एकाच जागेवरून बघून कळत नाही. आधी लांबून, पूर्ण दिसेल अशी, मग अगदी पायापाशी जाऊन मान वर करून, मग बाजूने, जमलं तर मागून. ७१ मीटरच्या लेशानला याचे दोन वेगळे रस्तेच आहेत. एक, कड्याला कोरलेल्या अरुंद जिन्याने डोक्यापासून पायापर्यंत उतरायचं, गर्दीच्या दिवसात रांग लांबच लांब असते पण खाली उतरताना त्याचा कान, खांदा, हात, गुडघा एकेक करत शेजारून जातात आणि शेवटी पायाच्या बोटापाशी उभं राहिलं की माणूस त्या नखाएवढा वाटतो. दुसरा रस्ता नदीतून बोटीने, बोट समोर काही मिनिटं थांबते आणि तेव्हाच पूर्ण मूर्ती एका नजरेत मावते. हायतोंग नावाच्या भिक्षूने हे काम सुरू केलं, तीन नद्यांच्या संगमावर नावा बुडायच्या म्हणून, आणि पूर्ण झालेलं त्याला बघायला मिळालं नाही. वेळ असेल तर दोन्ही करा, एकच जमणार असेल तर मी जिनाच सांगेन, फक्त गुडघे आणि उंचीची भीती याचा विचार करून. उतरलं की परत वर चढायचं असतं. डोक्यापाशी आलात की केसांच्या कुरळ्या वळ्यांकडे नीट बघा, त्यांच्यामधून पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळी लपवल्यात, कपड्यांच्या चुण्यांमधून आणि कानांमागूनही, आणि बाराशे वर्षं त्या दगडाला टिकवण्यात या पन्हळींचा मोठा वाटा आहे.

कामाकुराची मूर्ती त्या मानाने लहान, साधारण ११.३ मीटर, १२५२ मध्ये काम सुरू झालेलं. तिच्याभोवती पूर्वी मोठं लाकडी मंदिर होतं, वादळांनी आणि नंतर समुद्राच्या लाटेने ते गेलं आणि तेव्हापासून बुद्ध उघड्यावर बसलाय, उन्हापावसात, अंगावर हिरवट ओघळ. समोरून बघून झाल्यावर बाजूच्या छोट्या दारातून आत जाता येतं का बघा, सहसा जाता येतं, मूर्ती पोकळ आहे. आत अंधार असतो, पण डोळे सरावले की भिंतीवर आडव्या रेघा दिसायला लागतात, थरावर थर असे ब्रॉन्झ ओतत वर नेलंय त्याचे ते सांधे, आणि हे सगळं सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी केलेलं आहे. पाठीवर दोन खिडक्या आहेत त्यातून उजेड येतो. बाहेरून बघून निघून जाणाऱ्यांना हे कळतच नाही, त्यामुळे आत जाच.

तोदाई-जीला मूर्तीच्या डोळ्यांपाशी जरा थांबा. ७५२ साली तिचा नेत्रोन्मीलनाचा विधी झाला आणि डोळे रंगवणारा भिक्षू भारतातून गेलेला होता, बोधिसेन. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडताना सगळ्यांचा हात लागला. मूर्ती नंतर आगींमध्ये बरीच वितळली, दुरुस्त झाली, आजची इमारत १७०९ ची, पण ही गोष्ट माहीत असेल तर तिथं उभं राहणं वेगळंच होतं.

आडव्या मूर्तींना अजून थोडा वेळ द्या. वात फोचा बुद्ध ४६ मीटर लांब आहे आणि इमारत इतकी चिकटून बांधलीय की अख्खी मूर्ती कुठूनच दिसत नाही, खांबांमधून तुकड्यातुकड्यांनी दिसत जाते. लोक चेहऱ्यापाशी गर्दी करतात, तुम्ही पायांपाशी जा. तळव्यांवर शिंपल्यांच्या चकचकीत तुकड्यांनी १०८ शुभचिन्हं जडवलीत. पाठीमागच्या बाजूला १०८ ब्रॉन्झची भांडी ओळीने ठेवलेली असतात, प्रत्येकात एकेक नाणं टाकत जायचं, तो खणखण आवाज पूर्ण इमारतीत भरून राहिलेला असतो. श्रीलंकेत पोलोन्नरुवाच्या गल विहारला १४ मीटरची निजलेली मूर्ती आहे, बाराव्या शतकात एकाच ग्रॅनाइटच्या कड्यात कोरलेली. तिच्या डोक्याखालच्या उशीकडे बघा, डोक्याच्या वजनाने ती जराशी दबलेली दाखवलीय, दगडात! आणि पायांकडे बघा, वरचा पाय खालच्या पायापेक्षा किंचित मागे सरकलेला आहे. झोपलेल्या माणसाचे पाय नीट एकावर एक असतात, हे परिनिर्वाण आहे, म्हणून पाय सुटलेला. अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यातही डाव्या भिंतीवर असंच परिनिर्वाण आहे, खाली रडणारे शिष्य, वर देव, टॉर्च न मारता डोळे अंधाराला सरावू द्या मग खालचे चेहरे दिसायला लागतात.

आणि मोठं तेच बघण्यासारखं असं धरून चालू नका. बँकॉकच्या वात फ्रा केवमधला, नावापुरताच पाचूचा असलेला बुद्ध जेमतेम ६६ सेंटीमीटरचा, इतक्या उंचावर ठेवलाय की चेहरा नीट दिसतही नाही, आणि तरी अख्ख्या देशाचं सगळ्यात पवित्र स्थान तेच, वर्षातून तीनदा ऋतूप्रमाणे त्याची वस्त्रं बदलतात आणि ते काम राजाचं.

उशिकूसारख्या नव्या मूर्तींमध्ये आत लिफ्ट असते. तिथं छातीच्या उंचीवर, म्हणजे ८५ मीटरवर, अरुंद फटींसारख्या खिडक्या आहेत. पण वरच्या व्ह्यूपेक्षा मधल्या मजल्यावर भिंतभर लावलेल्या हजारो लहान सोनेरी मूर्ती जास्त लक्षात राहतात, घाईत लिफ्टने थेट वर जाऊन खाली येऊ नका.

पायरी ७: फोटो

पाटी बघा, नसेल तर विचारा, हाताने कॅमेऱ्याकडे खूण केली तरी कळतं. पाचूच्या बुद्धाच्या गाभाऱ्यात, कोरियाच्या सोकगुरामला, भूतानमध्ये मंदिरांच्या आत, लुंबिनीच्या मायादेवी मंदिरात फोटो बंद आहेत. जिथं चालतात तिथं फ्लॅश बंद ठेवा, जुन्या रंगांना त्याचा त्रास होतो. ड्रोन परवानगीशिवाय बॅगेतून काढूच नका.

श्रीलंकेत मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू देत नाहीत, म्हणजे सेल्फी नाहीच. मूर्तीकडे तोंड करून हात जोडलेला, किंवा बाजूला उभं राहून काढा. थायलंडमध्ये अयुथयाला वात महाथातमध्ये झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं डोकं आहे, फोटोत आपलं डोकं त्याच्यापेक्षा वर येऊ नये म्हणून तिथं खाली बसायला सांगतात, आणि पहारेकरी त्यासाठीच असतो. मूर्तीच्या नाकाला चिमटा काढतोय, तळहातावर उचललीय असले ट्रिक फोटो कुठंच नकोत, नुसते वाईट दिसतात असं नाही, लोकांना खरंच लागतं ते.

पायरी ८: भिक्खू आणि तिथले लोक

थायलंड, लाओस, म्यानमार, श्रीलंका, या देशांत बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, थायलंडमध्ये तर हातात वस्तूही थेट द्यायची नाही, खाली ठेवायची किंवा बरोबरच्या पुरुषाकडे द्यायची. बसमध्ये शेजारची सीट रिकामी दिसली तरी बसू नका. काही ठिकाणी बायकांना थेट मूर्तीपर्यंत जाऊ देत नाहीत, म्यानमारमध्ये मंडालेच्या महामुनी मूर्तीला किंवा चाइकटियोच्या सोनेरी शिळेला सोन्याचा वर्ख फक्त पुरुष लावतात. मला हे पटत नाही, स्पष्टच सांगते, पण दारात उभं राहून वाद घालण्यात अर्थ नाही, आधी माहीत असलेलं बरं म्हणजे तिथं पोचल्यावर मन खट्टू होत नाही.

भिक्खूंशी बोलायला घाबरू नका, थायलंडमध्ये चियांग माईच्या काही मंदिरांत तर मुद्दाम "मंक चॅट" ठेवतात, तरुण भिक्खूंना इंग्लिशचा सराव होतो आणि आपल्याला वाट्टेल ते विचारता येतं. कोरियात टेंपलस्टे मिळतो, एक रात्र मंदिरात राहायचं, पहाटे तीन-चारला उठून वंदनेला जायचं. लाओसच्या लुआंग प्राबांगला पहाटेची भिक्षाफेरी बघायची असेल तर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, अंतर ठेवून, गप्प उभे राहा. भिक्षा घालायची इच्छा असेल तर आदल्या दिवशी जिथं उतरलात तिथं विचारून ताजा भात घ्या, रस्त्यावर गळ्यात पडून विकणाऱ्यांकडून नको.

पायरी ९: दान आणि खरेदी

दानपेटीत घाला, पावती मिळत असेल तर छानच. रस्त्यात चीवर घातलेला कोणी हातात ब्रेसलेट बांधून पैसे मागायला लागला तर तो बहुधा भिक्खू नसतो, हात जोडून पुढे चला. मंदिराबाहेर पिंजऱ्यात चिमण्या घेऊन बसलेले असतात, सोडलं की पुण्य मिळतं म्हणून, कृपा करून विकत घेऊ नका, सोडलेले पक्षी परत पकडूनच आणलेले असतात आणि कितीतरी त्यात मरतात.

जपानला जात असाल तर पहिल्याच मोठ्या मंदिरात गोशुइनची वही घ्या. प्रत्येक मंदिरात दर्शन झाल्यावर काउंटरवर वही उघडून द्यायची, ते कुंचल्याने मंदिराचं नाव आणि तारीख लिहून वर लाल शिक्का मारतात, डोळ्यांसमोर, एका दमात. साधी डायरी पुढे करू नका, बऱ्याच ठिकाणी नाही म्हणतात, आणि आधी दर्शन मग वही हा क्रम ठेवा. शाई ओली असते म्हणून मध्ये टिपकागद घालून देतात, तो लगेच काढून टाकू नका.

थायलंडमधून बुद्धमूर्ती घरी आणायची असेल तर देशाबाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाची परवानगी लागते, गळ्यात घालायची छोटी ताईतं सोडून. जुन्या दिसणाऱ्या मूर्ती तर घेऊच नका, खऱ्या असतील तर त्या कुठल्यातरी मंदिरातून चोरलेल्या असू शकतात. नवीन मूर्ती घेताना दुकानदाराला विचारा परवानगीचे कागद तो करून देतो का आणि त्याला किती दिवस लागतात, विमान दोन दिवसांवर असेल तर ती खरेदी तिथंच राहू द्या.